तक्रार करायची कुणाकडे? लंडनच्या एका वॉर्डात सुरू झालेली गोष्ट

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिची आई ८४ वर्षांची. वर्षभरापूर्वी त्यांना शहराबाहेरच्या एका 'असिस्टेड लिव्हिंग' सेंटरमध्ये ठेवलंय. जागा चांगली आहे, बाग आहे, लिफ्ट आहे, डिपॉझिटही चांगलंच भरभक्कम घेतलंय. रविवारी ही भेटायला गेली तर आईच्या डोळ्यांवर चष्मा नाही आणि तोंडात कवळी नाही. विचारलं तर तिथल्या मावशी म्हणाल्या, "ऑफिसच्या कपाटात ठेवलंय ताई. सारखं हरवतं ना, मग नातेवाईक आम्हालाच बोलतात." आई पेपर वाचायच्या, ते बंद. जेवणात रोज मऊ भात. गेले किती दिवस असं चाललंय, ते आईंना सांगता येईना.

मी म्हटलं, तक्रार कर. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "कुणाकडे? मॅनेजरकडे? आणि त्यांनी राग आईवर काढला तर? रात्री मी तिथे नसते."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण चष्मा आणि कवळी हे दोन शब्द ऐकले आणि एक जुनी गोष्ट आठवली. साठ वर्षांपूर्वीची, इंग्लंडमधली. तीही अशाच एका भेटीपासून सुरू होते, आणि तिच्यात 'कुणाकडे' या प्रश्नावर चार वर्षं भांडण झालं. गोष्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

जानेवारी १९६५. बार्बरा रॉब नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाई उत्तर लंडनमधल्या फ्रायर्न हॉस्पिटलमध्ये एका ओळखीच्या वृद्ध बाईंना भेटायला गेल्या. ह्या बाई शिवणकाम करून जगलेल्या, आणि आता त्यांना पाहणारं कुणी नव्हतं. फ्रायर्न म्हणजे जुनं कोल्नी हॅच. १८५१ मध्ये बांधलेलं हे वेड्यांचं इस्पितळ इतकं प्रसिद्ध होतं की लंडनमध्ये 'कोल्नी हॅच' हा शब्दच वेडेपणासाठी वापरायचे. आपल्याकडे 'येरवड्याला पाठवा' म्हणतात ना, तसं. १९६५ साली तिथे दोन हजारांच्या वर माणसं होती, आणि त्यांतल्या पुष्कळशा म्हाताऱ्या बायका होत्या. सगळ्या काही मनोरुग्ण नव्हत्या. कुणाला विसराळूपणा होता, कुणी पडून हाड मोडलेलं, कुणाला घरच नव्हतं. जायला दुसरी जागा नाही म्हणून इथे. नाव हॉस्पिटल, पण प्रत्यक्षात तो वृद्धाश्रमच झाला होता, आणि त्यातून बाहेर पडायचा रस्ता बहुतेकींसाठी एकच होता.

रॉबबाईंनी वॉर्डात काय पाहिलं? बायकांचे केस एकाच पद्धतीनं आखूड कापलेले. अंगावर इस्पितळाचे कपडे, स्वतःचं काहीच नाही. भिंतीला लागून खुर्च्या, त्यांच्यावर दिवसभर बसून राहायचं. आणि चष्मे, कवळ्या, कानाची मशीन काढून घेतलेली. कारण? हरवतात. तुटतात. एकीचं दुसरीला जातं. (अगदी हेच कारण, साठ वर्षं आधी. मी फोनवर ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला तो यासाठी.)

आता विचार करा. चष्मा काढला की माणूस ओळखत नाही. कानाचं मशीन काढलं की विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतो. कवळी काढली की बोललेलं कळत नाही. मग नवा डॉक्टर येतो, तपासतो आणि लिहितो की या आजी भ्रमिष्ट आहेत, यांच्या बोलण्यात अर्थ नाही. म्हणजे ज्या माणसाला तक्रार असेल त्याचं बोलणंच आधी निकामी केलं जातं. हे कुणी कट करून केलं होतं असं नाही. सोय म्हणून केलं होतं. पण परिणाम तोच.

रॉबबाई डायरी लिहायला लागल्या. प्रत्येक भेटीची. कोण काय म्हणालं, काय दिसलं, तारखेसकट. मग त्या ओळखीच्या लोकांकडे गेल्या. त्यात लॉर्ड स्ट्राबोल्गी हे उमराव होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले ब्रायन एबल-स्मिथ होते, एडवर्ड आर्डिझोन हे चित्रकार होते. १० नोव्हेंबर १९६५ ला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दहा जणांच्या सहीचं पत्र छापून आलं. मजकूर थोडक्यात असा: म्हाताऱ्या माणसांना इस्पितळात ठेवून त्यांचे चष्मे, कवळ्या, वस्तू काढून घेतल्या जातात, हे आम्हाला कळलंय, आणखी कुणाला असं माहीत असेल तर कळवा.

आणि लोकांनी कळवलं. शेकडो पत्रं आली. नातेवाइकांची होतीच, पण नर्सेसची होती, समाजसेवकांची होती. आतल्या माणसांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं. रॉबबाईंनी एक छोटी संघटना काढली, एजिस नावाची. ऑफिस वगैरे काही नाही, घरातूनच कारभार.

इथे सरकारी बाजू सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. आरोग्यमंत्री होते मजूर पक्षाचे केनेथ रॉबिन्सन. माणूस वाईट नव्हता, उलट मनोरुग्णांचा प्रश्न संसदेत मांडण्यात त्यांची हयात गेली होती. पण आता तीच खाती त्यांच्या हाताखाली होती. एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा सुरू होऊन जेमतेम १७ वर्षं झाली होती आणि ती त्या पक्षाची सगळ्यात अभिमानाची गोष्ट होती. मनोरुग्णालयांत नर्स मिळत नव्हत्या. अशा वेळी ही बाई म्हणते की आपल्या इस्पितळांत म्हाताऱ्यांचे हाल होतात! मंत्र्याला वाटलं, यानं नोकरीला येणारेही येणार नाहीत, आणि आहेत त्यांची मनं दुखावतील. आपल्याकडेही अशा वेळी पहिलं वाक्य काय येतं? 'कर्मचाऱ्यांचं मनोधैर्य खच्ची होईल.' तेच.

आणि तक्रारीची पद्धत काय होती? १९६६ मध्ये मंत्रालयानं परिपत्रक काढलं, तक्रारी कशा हाताळायच्या त्याबद्दल. त्याचा गाभा हा, की तक्रार त्या-त्या रुग्णालयाच्या प्रशासनानंच तपासायची. म्हणजे मंत्र्याकडे लिहिलं तरी कागद फिरत फिरत ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच टेबलावर. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये लोकपाल आला, ज्याला ते ओम्बड्समन म्हणतात. पण त्याच्या कक्षेतून एनएचएसची रुग्णालयं वगळली.

३० जून १९६७ ला रॉबबाईंनी पुस्तक काढलं. नाव 'सान्स एव्हरीथिंग', शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' नाटकातल्या म्हातारपणाच्या वर्णनातले शब्द. 'काहीच न उरलेलं' असा साधारण अर्थ. पुस्तकात त्यांची डायरी होती, नर्सेसचे आणि समाजसेवकांचे जबाब होते. मारहाण, ढकलणं, घाईघाईत भरवणं, थट्टा करणं, सगळं. इस्पितळांची खरी नावं छापली नव्हती. शेवटी उपायही सुचवले होते. एबल-स्मिथ यांनी लिहिलं होतं की रुग्णालयांच्या तक्रारींसाठी वेगळा, स्वतंत्र आयुक्त हवा. हे लक्षात ठेवा, पुढे येईल.

गदारोळ झाला. मंत्र्यांना चौकशी करावी लागली. आता इथून गोष्ट खरी रंगते, कारण दोन चौकश्या जवळपास एकाच वेळी झाल्या आणि दोन्हींची उत्तरं उलटी आली.

पहिली चौकशी पुस्तकातल्या आरोपांची. फ्रायर्नसह देशभरातल्या काही इस्पितळांवर आरोप होते. समित्या नेमल्या त्या प्रादेशिक रुग्णालय मंडळांनी. अध्यक्ष म्हणून बाहेरचे ज्येष्ठ वकील घेतले हे खरं, पण नेमणारं मंडळ म्हणजे तीच संस्था, जिच्या ताब्यात ती इस्पितळं होती. कामकाज बंद दाराआड. आणि पद्धत कोर्टातल्यासारखी. अमुक नर्सनं अमुक दिवशी अमुक रुग्णाला मारलं, असं तू म्हणतेस ना? मग सिद्ध कर. उलटतपासणी. तुझ्याशिवाय कुणी पाहिलं? तू तेव्हाच का नाही बोललीस? नोकरी सोडल्यावर का बोलतेस?

ज्या नर्सनं धीर करून लिहून दिलं होतं ती साक्षीदार म्हणून गेली आणि आरोपीसारखी परत आली. समोर पंधरा-वीस वर्षं एकत्र काम केलेले सहकारी, सगळे एका सुरात सांगणारे, असं काही झालंच नाही. ज्यांच्या बाबतीत घडलं त्या म्हाताऱ्या बायकांतल्या काही वारल्या होत्या, काहींना आठवत नव्हतं, आणि जिला आठवत होतं तिच्या केसपेपरवर 'भ्रमिष्ट' लिहिलेलं.

जुलै १९६८ मध्ये सरकारनं निष्कर्षांची श्वेतपत्रिका काढली. गर्दी आहे, माणसं कमी पडतात, इमारती जुन्या आहेत, हे मान्य केलं. काही शिफारशीही होत्या. पण वाईट वागणुकीचे आरोप जवळपास सगळे फेटाळले. मंत्र्यांनी संसदेत तसंच सांगितलं. आरोप करणाऱ्यांनी नातेवाइकांना उगाच घाबरवलं, असा एकंदर सूर. रॉबबाई खोट्या ठरल्या. अनेकांना वाटलं विषय संपला.

तेवढ्यात दुसरी चौकशी पुरी होत आली होती.

झालं असं होतं की पुस्तक आल्यावर महिना-दीड महिन्यानं, ऑगस्ट १९६७ मध्ये, 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या रविवारच्या पेपरात एक बातमी आली. हा पेपर म्हणजे सनसनाटी बातम्यांचा, लफडी-कुलंगडी छापणारा. सभ्य घरात उशीखाली ठेवून वाचायचा. पण वेल्समधल्या कार्डिफजवळच्या ईली हॉस्पिटलमधल्या एका नर्सिंग असिस्टंटनं आपली तक्रार त्यांच्याकडे पाठवली होती. ईलीत मतिमंद म्हणून ठेवलेली माणसं होती आणि म्हातारेही होते. इमारत १८६२ सालची, मूळची अनाथ मुलांची गरीबखान्याची शाळा. तिथे मारहाण होते, रुग्णांसाठी आलेलं खाणं आणि सामान कर्मचारी घरी नेतात, आणि कुणी बोललं तर त्याला त्रास देतात, असं त्यानं लिहिलं होतं.

ह्या चौकशीचे अध्यक्ष होते जेफ्री हाऊ, वेल्समध्येच जन्मलेले एक वकील. विरोधी, म्हणजे हुजूर पक्षाचे. (हेच पुढे थॅचरबाईंचे अर्थमंत्री झाले.) यांनाही रुग्णालय मंडळानंच नेमलं होतं. यांच्याही पुढे तशाच साक्षी, तसेच नकार. मग फरक कुठे पडला?

हाऊ यांनी 'मारलं की नाही' एवढ्यावर प्रश्न संपवला नाही. तक्रार खरी की खोटी हे ठरवल्यावर ते पुढचं विचारत गेले. असं होत असेल तर वॉर्डच्या प्रमुखाला कसं कळलं नाही? डॉक्टर वॉर्डात किती वेळा येतात? व्यवस्थापन समितीचे सदस्य पाहणीला येतात तेव्हा काय पाहतात? आधी कुणी तक्रार केली होती का, त्याचं काय झालं? तक्रार करणारा आज कुठे आहे?

उत्तरं अशी आली, की काही रुग्णांना खरोखरच क्रूर वागणूक मिळाली होती. चोरीच्या आरोपांत तथ्य होतं. डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. समितीच्या भेटी नावापुरत्या. आणि ज्यांनी आधी आतून आवाज उठवला होता त्यांना त्याचा त्रास भोगावा लागला होता. वरच्या ऑफिसांनाही काहीच माहीत नव्हतं असं नव्हतं. कागद होते, फायलीत होते.

पण हाऊ यांची मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळी आहे. त्यांनी त्या नर्सेसना राक्षस ठरवलं नाही. त्यांनी म्हटलं की बरीचशी दांडगाई ही दुष्टपणातून नाही, तर जुन्या, मागासलेल्या पद्धतीतून आली होती. वर्षानुवर्षं तीच माणसं, तेच वॉर्ड. बाहेर नर्सिंग कुठल्या कुठे गेलं आणि यांना कुणी सांगितलंच नाही. सवयीचं झालं की माणसाला वाईट दिसायचं बंद होतं. म्हणजे एखाद्याला काढून टाकून हे संपणार नव्हतं. बाहेरच्या नजरेची नेहमीची, न सांगता येणारी तपासणी हवी, असा त्यांचा आग्रह होता.

अहवाल लांबलचक होता आणि मंडळाला तो अडचणीचा होता. संक्षिप्त आवृत्ती छापावी, अशी खटपट सुरू झाली. हाऊ अडून बसले, छापायचा तर पूर्ण. हे चालू असतानाच वर बदल झाला. नोव्हेंबर १९६८ मध्ये आरोग्य आणि सामाजिक सुरक्षा ही खाती एकत्र करून रिचर्ड क्रॉसमन यांच्याकडे दिली. मजूर पक्षाचेच, रॉबिन्सन यांचेच सहकारी. क्रॉसमन यांनी अहवाल वाचला. त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. दाबायचा, म्हणजे उद्या फुटला की दाबणारा म्हणून आपलंच नाव येणार. किंवा आपणच छापायचा आणि त्या जोरावर पैसे मागायचे. या माणसाला राजकारण कळत होतं, आणि मनाची लाजही होती. २७ मार्च १९६९ ला संसदेत निवेदन करून त्यांनी पूर्ण अहवाल प्रसिद्ध केला. स्वतःच्या खात्याचे वाभाडे काढणारा, विरोधी पक्षाच्या वकिलानं लिहिलेला अहवाल मंत्र्यानं स्वतः छापला. आज आपल्याकडे किती अहवाल सभागृहात मांडायचे राहून जातात ते आठवा, म्हणजे याचं वजन कळेल.

आणि आठ महिन्यांपूर्वी खोट्या ठरलेल्या रॉबबाई? त्यांना कुणी 'चुकलो' म्हणून पत्र पाठवलं असेल असं मला वाटत नाही. पण ईलीनंतर त्यांच्या पुस्तकाकडे लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागले हे नक्की.

पुढे पटापट सांगतो. १९६९ मध्येच हॉस्पिटल ॲडव्हायझरी सर्व्हिस सुरू झाली. डॉक्टर, नर्स वगैरेंची पथकं इस्पितळांत जाऊन राहून पाहणी करायची आणि खात्याच्या उतरंडीतून न जाता थेट मंत्र्याला अहवाल द्यायचा. मग एकामागून एक चौकश्या निघाल्या. प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम इस्पितळाची १९७२ मध्ये झाली, त्यात बाहेर आलं की शिकाऊ नर्सेसनी १९६७ मध्येच वाईट वागणुकीची तक्रार केली होती आणि त्यांना गप्प बसवलं होतं. म्हणजे ज्या वर्षी मंत्रालय रॉबबाईंना पुरावा मागत होतं त्याच वर्षी दुसऱ्या टोकाला तो पुरावा दाबला जात होता. १९७३ मध्ये एनएचएससाठी स्वतंत्र लोकपाल आला. एबल-स्मिथ यांनी सुचवलेला तो आयुक्त, थोड्या फार फरकानं. पण त्यातही मेख होती. डॉक्टरी निर्णयांत या लोकपालाला हात घालता येत नव्हता, ते १९९६ पर्यंत. आता झोपेचं औषध जास्त दिलं हा डॉक्टरी निर्णय की गैरवागणूक? घाला वाद.

रॉबबाई १९७६ मध्ये गेल्या. फ्रायर्न १९९३ मध्ये बंद झालं. आज त्या इमारतीत महागडे फ्लॅट आहेत.

इथे कुणी म्हणेल, ही झाली सरकारी इस्पितळांची गोष्ट. वृद्धाश्रम वेगळे. तिथेही फार वेगळं नव्हतं. पीटर टाउनसेंड नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 'द लास्ट रेफ्युज' हे पुस्तक १९६२ मध्ये लिहिलं, त्यासाठी इंग्लंड-वेल्समधले १७३ वृद्धाश्रम पाहिले. १९४८ च्या कायद्यानं जुने गरीबखाने संपवून नगरपालिकांनी म्हाताऱ्यांसाठी घरं चालवायची असं ठरलं होतं. टाउनसेंड यांना दिसलं की इतक्या वर्षांनीही असंख्य म्हातारे त्याच जुन्या गरीबखान्यांच्या इमारतींत होते. पाटी बदलली होती.

आणि यंत्रणा आली म्हणजे सगळं सुधारलं, असंही नाही. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी केंद्रात मतिमंद रुग्णांचा छळ होत असल्याचं बीबीसीनं छुप्या कॅमेऱ्यानं दाखवलं. त्याआधी तिथल्या एका ज्येष्ठ नर्सनं व्यवस्थापनाला कळवलं होतं आणि देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगालाही कळवलं होतं. आयोग स्वतंत्र होता, कायदा होता, ईमेल पोचला होता. कुणी उघडून पाठपुरावा केला नाही. फक्त पेटी ठेवून भागत नाही, पेटी उघडणारा लागतो.

आता आपल्याकडे या. मैत्रिणीचा प्रश्न: कुणाकडे?

आपल्याकडे २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा आहे. महाराष्ट्राचे नियम २०१० चे. या कायद्यात प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं न्यायाधिकरण आहे. तिथे कोण जाऊ शकतं? मुलं सांभाळत नाहीत, पैसे देत नाहीत, म्हणून आई-वडील. म्हणजे हा कायदा मुलांच्या विरुद्ध दाद मागायला आहे. मुलगी पैसे भरतेय आणि सेंटर नीट सांभाळत नाही, यावर हे न्यायाधिकरण काय करणार? वृद्धाश्रमांचं कलम आहे, १९ वं. त्यात राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढू 'शकेल' आणि त्यांच्या व्यवस्थेचे निकष ठरवू 'शकेल'. कायद्यातलं 'शकेल' म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

२०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. ज्येष्ठांच्या केअर होमना नोंदणी सक्तीची, किमान दर्जा ठरलेला, अशी तरतूद त्यात होती. लोकसभेची मुदत २०२४ मध्ये संपली, विधेयकही तिच्याबरोबर संपलं. त्याच २०२४ मध्ये महारेरानं ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले. दार ९०० मिलिमीटर रुंद हवं, लिफ्ट अशी हवी, रॅम्प तसा हवा. चांगलेच नियम आहेत, व्हीलचेअर अडकणार नाही. पण त्या दारातून आत गेल्यावर रात्री दोन वाजता घंटी वाजवली तर किती मिनिटांत कुणी यायला हवं, हे रेरा सांगू शकत नाही. ते तिचं कामच नाही.

बाकी मग काय उरतं? ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त, पण ते मुख्यतः हिशेब बघतात. ग्राहक आयोग, म्हणजे सेवेतली त्रुटी, म्हणजे वकील आणि तारखा. मारहाण असेल तर पोलीस. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, ती फोन घेते, सल्ला देते, वेळप्रसंगी मदतही मिळवून देते. पण न सांगता येऊन ऑफिसचं कपाट उघडून 'हा चष्मा इथे का?' असं विचारायचा अधिकार असलेला माणूस यात कुठे आहे? १९६६ चं ते ब्रिटिश परिपत्रक आणि आपण, फारसं अंतर नाही. मॅनेजरकडे तक्रार करा, मॅनेजर चौकशी करील.

हे सगळ्या सेंटरना झोडपण्यासाठी लिहीत नाही. मला माहीत असलेल्या दोन ठिकाणी कामाला असणाऱ्या बायका बारा-बारा तास राबतात, एकीकडे आठ-आठ, दहा-दहा जणांचं करतात, आणि हातात पडतो तो पगार ऐकून लाज वाटते. चष्मे कपाटात ठेवणाऱ्या मावशींनाही दुष्ट म्हणता येणार नाही. एक हरवला की पगारातून कापतात, म्हणून त्या ठेवतात. हाऊ यांनी ईलीत जे पाहिलं तेच. म्हणून बाहेरची नजर मावशींसाठीही हवी आहे, फक्त आजींसाठी नाही. एका मावशीवर किती जण, याचा आकडा कुणीतरी मालकाला विचारायला हवा, आणि ते मावशी विचारू शकत नाहीत.

विधेयक परत आणा, असं आपल्या खासदाराला कुणी विचारलंय का? निवडणुकीत हा विषय कुणाच्या तोंडी ऐकला? मतदार यादीत साठीच्या पुढचे किती आहेत ते सगळ्या पक्षांना पाठ असतं. ज्येष्ठांसाठी बाकं बसतात, विरंगुळा केंद्रं होतात, नगरसेवकाच्या नावाची पाटी लागते. आपल्या वॉर्डात अशी किती सेंटर आहेत, त्यांत किती माणसं राहतात, याची यादी महापालिकेकडे मागून बघा. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. उत्तर आलं की इथेच टाकीन, नाही आलं तर तेही टाकीन. तुमच्या शहरात तुम्हीही टाका, दहा रुपयांचं काम आहे.

मैत्रिणीला मी रॉबबाईंची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, एक वही कर. भेटीची तारीख, वेळ, आई कशी होती, काय खाल्लं, ड्युटीवर कोण होतं. रविवारीच जाऊ नकोस, मधल्या वारी जा, नाश्त्याच्या वेळेला जा. त्याच मजल्यावरच्या बाकीच्या आजींची मुलं-सुना कोण आहेत बघ, त्यांच्याशी बोल. एकटीनं लिहिलं तर राग एकीवर निघेल. आणि तोंडी बोलू नकोस, लिहून दे, पोच घे.

ती गेल्या मंगळवारी सकाळी आठला गेली. लिहून नेलं होतं, खाली चार घरांच्या सह्या होत्या. त्यातल्या तिघांच्या आयांचे चष्मे त्याच कपाटात निघाले. एकीचा नंबर बदललेला होता, ते आठ महिन्यांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.